मदत हवी आहे: मोठ्या सामन्यांच्या दिवसांत शहरात सायकलने कसं फिरायचं?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या शहरात एक मोठी स्पर्धा भरतेय. स्टेडियम घरापासून नऊ किलोमीटरवर आहे आणि माझा ऑफिसला जायचा रोजचा सायकलमार्ग नेमका त्याच्या पुढ्यातून जातो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की धागा तिथल्या खड्ड्यांवर घसरतो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

तीन सामन्यांची तिकिटं मिळाली आहेत, त्यातले दोन रात्रीचे. कार नेणार नाही हे नक्की. ट्रेन आहे, पण गेल्या वर्षी एक सामना सुटल्यावर स्टेशनबाहेरच्या रांगेत सव्वा तास काढलाय.

त्यानंतर एकदा सायकल नेली होती, ती गोष्ट सांगतो, हसू नका. सायकल स्टँड भरलेला होता. रस्त्याकडेला लोखंडी बॅरिकेड दिसलं, त्याला मागचं चाक आणि फ्रेम मिळून भक्कम कुलूप लावलं आणि निर्धास्त आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर रस्ता मोकळा. सायकल नाही, बॅरिकेडही नाही! अर्धा तास शोधल्यावर पुढच्या चौकात बॅरिकेडांची चळत दिसली आणि तिच्यात मधोमध माझी सायकल. पुढचं चाक वाकून पापड झालेलं, कुलूप मात्र शाबूत. उचलणाऱ्यांनी तरी काय करावं, किल्ली माझ्या खिशात होती.

तर विचारायचं ते असं. सायकल ठेवायची कुठे आणि किती लांब? 'रस्ता बंद' अशी पाटी असते तेव्हा सायकलही बंद असते का? आणि हेल्मेट, पंप, कुलूप हा सगळा संसार गेटवर अडवतात, त्याचं काय करता? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद: बंद, पण कोणासाठी?

२०२४ च्या ऑलिंपिकच्या वेळी मी पॅरिसमध्ये होतो, म्हणून लिहितो. तिथे मैदानांभोवतीच्या भागांना रंग दिले होते. लाल भागात मोटारींना बंदी, पण सायकल आणि पायी माणूस बिनधास्त. करड्या भागात मात्र पायी जायलाही क्यूआर कोड दाखवावा लागे. उद्घाटन २६ जुलैला सेन नदीवर होतं, पण नदीकाठचा करडा पट्टा १८ जुलैपासूनच लागू झाला. त्यातले कित्येक पूल कोडशिवाय ओलांडता येत नव्हते. समोरचा काठ डोळ्यांना दिसतोय आणि तिथे जायला भलामोठा वळसा, अशी गत.

तेव्हा नुसती 'रस्ता बंद'ची यादी बघू नका. मोटारींना बंद की सगळ्यांना बंद, हे वेगळं शोधा. मोटारींना बंद असेल तर तुमची चंगळ आहे, असा रिकामा रस्ता एरवी मिळत नाही. नदी, रेल्वेमार्ग, हमरस्ता ओलांडायच्या जागा आधी तपासा, अडकायला होतं ते तिथेच. पॅरिसने मैदानं जोडणारे सुमारे ६० किलोमीटर सायकलमार्ग खास आखले होते. तुमच्याकडे असं काही केलंय का, तेही बघा.

अवांतर: ३ ऑगस्टला पुरुषांची २७३ किलोमीटरची रोड रेस होती. त्या दिवशी सायकलींच्या शर्यतीपायी आम्हा सायकलवाल्यांनाच रस्ता बंद!

प्रतिसाद: स्टँडच्या आतून

मी दोन स्पर्धांना सायकल स्टँडवर स्वयंसेवक होतो. राखणीचा स्टँड असेल तर डोळे झाकून तोच घ्या. टोकनचा अर्धा भाग हँडलला, अर्धा तुमच्याकडे. टोकनाचा फोटो काढून ठेवा. टोकन हरवलेला माणूस शेवटची सायकल जाईपर्यंत थांबतो, कारण काळ्या रंगाची सायकल एकट्याची नसते.

राखणीचा स्टँड नसेल तर कायमच्या, जमिनीत रुतलेल्या लोखंडालाच कुलूप लावा. तेही गेटाजवळ नको, सुरक्षेच्या नावाखाली तिथली बेवारस दिसणारी सायकल सरळ उचलली जाते. पाऊण ते एक किलोमीटर लांब ठेवा. लोक जवळची जागा पकडायला जीव टाकतात आणि परतताना त्याच गर्दीत सायकल हातात धरून तेवढंच अंतर चालतात, वर शिव्या खातात.

सामानाचं म्हणाल तर हेल्मेटचा पट्टा कुलपातून ओवून ठेवा. दिवे खिशात घाला. पंप आणि पाने शक्यतो नेऊच नका, झडतीत पहिल्यांदा तेच निघतात. पंक्चर झालीच तर रात्री नऊ किलोमीटर चालावं लागेल, हा धोका पत्करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी टायर आदल्या दिवशी बोट फिरवून तपासतो, रुतलेली काच काढतो आणि पंप घरी ठेवतो.

भाड्याच्या सायकलीवर विसंबू नका. सामन्याआधी स्टेडियमजवळचे स्टँड भरलेले असतात आणि सुटल्यावर पाच मिनिटांत रिकामे. ॲपवाल्या काही सायकली तर ठरावीक हद्दीत सोडताच येत नाहीत, मीटर चालू राहतं.

प्रतिसाद: वीस मिनिटं बसून राहा

वरचं सगळं मान्य, पण रात्री खरी भीती पायाखाली असते. बॅरिकेडचे चपटे पाय सायकलच्या पट्ट्यात आलेले असतात, अंधारात दिसत नाहीत. प्रक्षेपणाच्या केबलींवर रबरी उंचवटे टाकतात, त्यावरून तिरकं गेलात की पुढचं चाक सटकलंच. काटकोनात, हळू आणि पॅडल न मारता जा. गर्दीत बेल वाजवू नका, जल्लोषात कोणी ऐकत नाही. उतरा आणि चाला. आणि सामना संपल्या संपल्या उठू नका.

धागाकर्ता:

सर्वांचे आभार. रविवारी पाहणी करून आलो. ऑफिसच्या वाटेवरचा भुयारी रस्ता सामन्याच्या दिवशी पादचाऱ्यांसकट बंद राहणार आहे, हे तिथे चिकटवलेल्या कागदावरून कळलं. रोज तिथूनच जातो आणि कधी वाचलं नव्हतं. रेल्वेफाटकावरून वळसा दोन किलोमीटरचा आहे, चालेल.

धागाकर्ता (पहिल्या सामन्यानंतर):

वाचनालयाच्या कमानीजवळच्या स्टँडला सायकल लावली, स्टेडियमपासून नऊशे मीटर. आत वीस मिनिटं बसलो, तरी कमानीपर्यंत गर्दी होतीच. घरी पोचायला पन्नास मिनिटं लागली, त्यातली पंधरा चालण्यात गेली. एक दिवा काढायला विसरलो होतो, तो गेला. पुढच्या सामन्याला सायकल फाटकाच्या पलीकडे ठेवणार आहे. तिथल्या स्टँडला रात्री उजेड असतो का, ते आधी बघून येईन. अशा जागा निवडताना तुम्ही आणखी काय बघता, तेवढं सांगा.