‘च्या’ हा ‘चहा’चा अपभ्रंश आहे का?

प्रश्न : आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आजी आणि आई ‘च्या’च म्हणतात. पुण्याहून आलेल्या वहिनी म्हणाल्या, उच्चार अशुद्ध आहे, शब्द ‘चहा’. आजीला वाईट वाटलं. खरं काय?

उत्तर : आजींना सांगा, त्यांचं काहीच चुकत नाही. मूळ चिनी शब्द एकाक्षरी आहे, आणि ‘च्या’ त्याच्या अधिक जवळचा. त्यातला ‘य’ लेखनातला. नुसतं ‘चा’ लिहिलं तर आपण ते ‘चाक’, ‘चारा’ यांतल्या ‘च’सारखं वाचू. इथे तालव्य ‘च’ हवा, म्हणून ‘च्या’.

चीनच्या फुकियन किनाऱ्यावर याच पेयाला ‘ते’ म्हणत. डच व्यापाऱ्यांनी ते रूप युरोपात नेलं, त्याचंच इंग्रजीत ‘टी’ झालं. पोर्तुगीज मात्र १५५७च्या सुमारास मकावला स्थिरावले, आणि तिथल्या कँटोनीज बोलीत शब्द ‘चा’सारखा. म्हणून पश्चिम युरोपात पोर्तुगीज भाषा शेजाऱ्यांहून वेगळी पडली. आज त्यांचा उच्चार ‘शा’ होतो, जुन्या काळी ‘च’ होता. एवढ्यावरून आपला ‘च्या’ त्यांच्याकडूनच आला असं ठरवू नये. फारसीमार्गे खुश्कीने ‘चाय’ही आलीच होती, आणि जिथे पोर्तुगीज राज्य नव्हतं त्या देशावरच्या खेड्यांतही ‘च्या’ म्हणतात.

पुरवणी (फोंड्याहून) : अर्थाबद्दलही बोलायला हवं. आमच्या घरी ‘सांजेची च्या’ म्हणजे नुसतं पेय नव्हे. सोबत पोदेराची (पाववाल्याची) पोळी किंवा उंडो, म्हणजे आमचे गोव्याचे पाव, हवेतच, पावसात भजी. नुसत्या च्याचा कप पुढे केला तर आई म्हणायची, ही कसली च्या!

पोर्तुगीजमध्ये कुणाला रीतभात नसेल तर ‘लहानपणी चहा प्यायला नाही’ असं म्हणतात. मला हा वाक्प्रचार फार आवडतो. रशियनमध्ये बक्षिशीला ‘चहासाठी’ म्हणतात, आपलं ‘चहापाणी’ तर थेट लाचेपर्यंत घसरलं. स्वाहिलीतही ‘चाय’ला तो अर्थ आहे.

आणि वहिनींना एक सांगा. आमच्याकडे ‘च्या घेवन वच’ म्हटलं की त्यात ‘वच’ म्हणजे ‘जा’ असलं, तरी म्हणणाऱ्याला तुम्ही बसायला हवे असता. दारातूनच ‘नको’ म्हटलं तर म्हातारी माणसं खट्टू होतात. अर्धा कप घ्यावा.