जॉर्ज जोन्सचं सिंगल घेऊ की एलपी? बजेट २५ डॉलर

मीनल_टेनेसी:
नॅशव्हिलजवळ राहते. शेजारचे आजोबा पुढच्या महिन्यात ८० चे होतायत. आजी गेल्यापासून रोज संध्याकाळी ते ओट्यावर बसून अमेरिकन कंट्री संगीतातला गायक जॉर्ज जोन्स याचं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' लावतात, तेही फोनवर, कसला तो चिरका आवाज. घरात जुना रेकॉर्ड प्लेयर चालू आहे. १९८० चं मूळ सिंगल (छोटी रेकॉर्ड, एका बाजूला एकच गाणं) द्यावं की 'आय ॲम व्हॉट आय ॲम' हा एलपी (मोठी, बऱ्याच गाण्यांची रेकॉर्ड)? २५ च्या वर नाही जमणार.

विनायक_एनजे:
एलपीच घ्या. तीन मिनिटांच्या सिंगलसाठी या वयात सारखं उठायचं का त्यांनी? आणि प्लेयरही नवा द्या, माझा ४०० चा आहे, आवाज एकदम समोर बसून गातोय असा.

सुलूमावशी:
अरे तिने २५ म्हटलंय ना. मीनल, ऑनलाइन मागवू नकोस बाई. माझी रेकॉर्ड जुलैत आली, दिवसभर उन्हात दारात पडून होती, पापडासारखी वाकली, सुई नुसत्या उड्या मारत होती आणि विकणाऱ्याने पैसेही परत दिले नाहीत. दुकानात जाऊन दिव्याखाली तिरकी धरून चरे बघ.

कोल्हापूरकर:
वाढदिवसाला मरणाचं गाणं कुठे देता? त्यातला माणूस मरतो तेव्हाच तिच्यावर प्रेम करायचं थांबतो. डॉली पार्टनचं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' द्या. १९७४ आणि १९८२, दोनदा कंट्रीत नंबर वन.

जुनी_तबकडी:
मरणाचं म्हणून तर जोन्सलाच ते नको होतं, एवढं उदास कोण विकत घेणार म्हणायचा. निर्माता बिली शेरिलने हट्ट सोडला नाही. मधल्या चार ओळी नुसत्या बोलायच्या, त्याच दारूपायी जमेनात, रेकॉर्डिंग रखडलं. आणि जुलै १९८० मध्ये कंट्री चार्टवर पहिला नंबर, एकट्याच्या नावावर सहा वर्षांनी. वर ग्रॅमी, आणि सीएमएचं (कंट्री म्युझिक असोसिएशन) सर्वोत्कृष्ट गाणं १९८० ला आणि परत १९८१ ला. त्या बोललेल्या ओळींच्या मागे बाईचा उंच आवाज येतो ना, तो फोनवर कळतच नाही.
सिंगल घेतलंत तर एक बघा, ४५ च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, म्हणजे सिंगलच्या) रेकॉर्डचं मधलं भोक मोठं असतं, ॲडॉप्टर लागतो.

विनायक_एनजे:
म्हणूनच सांगतोय, एलपी. त्यात हेच गाणं पहिलं आहे.

सुलूमावशी:
मीही एलपीच म्हणेन. पण दुकानातूनच.

मीनल_टेनेसी:
सगळ्यांचे आभार, पण सिंगल घेतलं. ॲडॉप्टर आहे का म्हणून सहज विचारायला गेले तर आजोबांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आजींची सिंगल्स, चाळीसेक असतील, प्रत्येकाच्या पाकिटावर त्यांच्या अक्षरात नाव, तळाला पिवळा प्लॅस्टिकचा ॲडॉप्टर. जोन्सचं पाकीट होतं, आतली रेकॉर्ड नव्हती. दुकानात ९ डॉलरला मिळालं, मावशी, दिव्याखाली धरून बघितलं. त्या पाकिटात एलपी मावला नसता.