पोरं मिसळत नाहीत म्हणे! (परदेशी एमबीए, नाशिकची पोरं आणि आपले फुकट सल्ले)

कॉलेजरोडकर (धागाकर्ता)

काल ग्रुपवर एक पोस्ट फिरली: "परदेशात एमबीएला गेलेली आपली मुलं चार मराठी डोकी धरून राहतात, इंग्रजीला घाबरतात, कोणात मिसळत नाहीत, म्हणून हात हलवत परत येतात." खाली अंगठ्यांची रांग. उत्तर लांबलचक आहे, कंटाळा असेल त्याने पुढे जावं.

प्रश्न स्वभावाचा नाही, पद्धतीचा आहे. हार्वर्डसारख्या केस पद्धतीच्या (एखाद्या कंपनीची अडचण, म्हणजे 'केस', आधी वाचून वर्गात तिच्यावर चर्चा) ठिकाणी बऱ्याच विषयांत निम्म्याच्या आसपास गुण वर्गात काय बोललात यावर असतात. साधारण ९० जणांचा वर्ग, ८० मिनिटांचा तास, म्हणजे माणशी एक मिनिटही येत नाही. कोण काय बोललं हे मागे बसून टिपणारा माणूस वेगळा. आपला इंजिनिअर वाक्य मनात नीट जुळवेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते. मग तो हात वर करतो आणि शिळा मुद्दा मांडतो. त्याला नडतो तो उशीर. इंग्रजी बहुतेकांचं पुरेसं असतं.

तयारी अशी करायची: केसचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद आधी वाचा. निर्णय कोणी, कशाबद्दल, कधीपर्यंत घ्यायचाय ते एका ओळीत लिहा. मग थेट मागचे तक्ते. त्यातून केसमध्ये न दिलेले दोन आकडे स्वतः काढा: नगामागे किती सुटतात, आणि किती नग विकले की खर्च निघतो. मधली पंधरा पानं त्यानंतर. एका केसला दोन तास, बस्स. दुसऱ्या दिवशी दोन-तीन केस असतात, पहिलीतच रात्र घालवली की तिसरी कोरीच राहते. वर्गात पहिल्या दहा मिनिटांत एकदा बोलून घ्या. तेव्हा फक्त परिस्थिती मांडायची असते, वाद पेटलेला नसतो. नंतर बोलायचं तर आधी बोललेल्याचं नाव घेऊन त्याचा मुद्दा पुढे न्या किंवा खोडा. सुटं भाषण कोणी मोजत नाही.

पंचवटीकर

दादा, व्याख्यान छान. पण नोकरी या गुणांवर मिळते असं कोणी सांगितलं? व्हार्टन, स्टॅनफर्ड, शिकागो बूथ इथे मुलांनीच कंपन्यांना ग्रेड न सांगायचा संकेत ठेवलाय. मग तुमचे निम्मे गुण बघतो कोण? नोकरी ओळखीवर, ओळख मिसळल्यावर. म्हणजे मूळ पोस्टवाला बरोबरच बोलला, फक्त तुम्हाला झोंबलं. आणि आता एच-१बीला (अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाला) १ लाख डॉलर. कोणती कंपनी भरणार?

कॉलेजरोडकर

एच-१बीची बातमी अर्धीच वाचलीत. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेतली ती फी अमेरिकेबाहेरच्यांसाठीच्या नव्या अर्जांना आहे. तिथेच शिकून एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वरून व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्येच आला. प्रवेश घेताना विचारायचा प्रश्न वेगळाच आहे, तो कोणी विचारत नाही. आय-२० वर (कॉलेज व्हिसासाठी देतं तो कागद) अभ्यासक्रमाचा सहा आकडी कोड असतो. ५२.१३०१ म्हणजे मॅनेजमेंट सायन्स, स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) धरतात: शिकून झाल्यावर तिथे काम करायची जी १२ महिन्यांची मुभा (ओपीटी), तिच्यावर आणखी २४ मिळतात. ५२.०२०१ म्हणजे साधं बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, त्याला १२ वर राम राम. दोन्हीला कॉलेज "एमबीए"च म्हणतं.

आता ओळखीचं. ओळख म्हणजे पार्टीत ग्लास धरून उभं राहणं नव्हे. सप्टेंबर-ऑक्टोबरात कंपन्यांची सत्रं होतात आणि जानेवारीत उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखती. ऑगस्टात उतरलेला पोरगा घर, सिम, बँक खातं यात सप्टेंबर घालवतो, तिथेच गाडी सुटते. त्या कंपनीतल्या माजी विद्यार्थ्याला चार ओळींची मेल करायची: मी कोण, तुमच्याकडेच का, २० मिनिटं मिळतील का, अमुक दोन वेळा चालतील. रेझ्युमे जोडायचा नाही, नोकरी मागायची नाही. बोलणं झालं की त्याच दिवशी आभाराची मेल, त्यात तो जे बोलला त्यातली एक नेमकी गोष्ट. रेझ्युमे एक पानी, फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव सगळं काढून. यात "स्वभाव" कुठे आला?

सातपूर_लाइन

एवढं कशाला डोकं लावताय राव. पोरगं हुशार असलं तर गॅस स्टेशनवर रोखीत काम करतं, खर्च निघतो, चार गोरे लोकही भेटतात. मिसळणं झालं की!

कॉलेजरोडकर

असले सल्ले देऊ नका, हात जोडतो. एफ-१ वर सत्र चालू असताना कॅम्पसमध्येच, आठवड्याला २० तास. बाहेर परवानगीशिवाय रोखीत काम सापडलं की सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी यादी) नोंद बंद, एमबीए अर्धवट, कर्ज पूर्ण. ब्रिटनमध्येही पदवीच्या वरच्या अभ्यासक्रमाला सत्रात २० च तास. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस.

सातपूर_लाइन

बरं बाबा, चुकलो. कायद्याचं पुस्तक घेऊनच बसलेत साहेब.

निफाड_थॉमसन

तुम्ही सगळे एका गोष्टीवर बोलतच नाही. मिसळायला पैसा लागतो. एमबीएत पहिल्या वर्षी बर्फावर घसरायला जायच्या सहली, बाहेर जेवणं, क्लबच्या वर्गण्या. ज्याच्या डोक्यावर पन्नास लाखांचं कर्ज तो खोलीत खिचडीच शिजवणार. त्यालाच तुम्ही वरून "मिसळत नाही" म्हणता.

आणि कर्जाचं ऐका. पाच एकर द्राक्षबाग, सातबारा स्वच्छ, कसारा घाटाच्या अलीकडे त्या भावात जमीन मिळायची नाही, आणि बँक म्हणते शेतजमीन तारण चालत नाही. मुंबईवाल्याचा चारशे फुटांचा फ्लॅट चालतो. ही कोणती नीती?

माजी_बँकवाला

नीती नाही, कायदा आहे. २००२ चा सरफेसी कायदा, कलम ३१(आय): शेतजमिनीवरच्या तारणाला तो लागू नाही. कर्ज थकलं तर फ्लॅट बँक नोटिसा देऊन स्वतः ताब्यात घेऊ शकते, शेतासाठी कज्जा लढावा लागतो. म्हणून शैक्षणिक कर्जाला फ्लॅट, एनए (बिगरशेती) प्लॉट, मुदत ठेव, विमा पॉलिसीचं सरेंडर मूल्य, एवढंच धरतात. शिवाय तुमचा सातबारा "स्वच्छ" म्हणताय तर इतर हक्काचा रकाना बघा. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा बहुतेकांच्या असतो.

निफाड_थॉमसन

बोजा आहे, पण दरवर्षी भरतो! पीककर्जाला तीच जमीन चालते, पोराच्या शिक्षणाला नाही. एनए करा म्हणे. बाग तोडून एनए करू?

माजी_बँकवाला

बाग तोडा कोणी म्हटलं नाही, चिडू नका. विनातारण हमी योजनेत ७.५ लाखांपर्यंत मिळतं, पण परदेशी एमबीएची एका सत्राची फीसुद्धा त्यात भागायची नाही. बिगरबँक वित्तसंस्था विनातारण मोठी रक्कम देतात, व्याज चढं. बँकेत परदेशी शिक्षणाला साधारण १५ टक्के मार्जिन घरचं. हप्ते अभ्यासक्रम संपून सहा महिने ते वर्षभराने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. जमेल तेवढं ते भरत राहा. कर्ज मंजूर होतं रुपयांत, फी जाते डॉलरांत. दुसऱ्या वर्षी रुपया घसरलेला असला की मंजूर रक्कम तोकडी पडते, म्हणून मागतानाच थोडी जास्त मागा. टीसीएसचं (परदेशी पैसे पाठवताना बँक कापते तो कर) म्हणाल तर कर्जातून गेलेल्या फीवर आता लागत नाही, खिशातून पाठवलेल्यावर वर्षाला १० लाखांपर्यंत नाही.

जुनं_नाशिक

आमचा वाडा आहे भद्रकालीत, गावठाणात. तो चालेल का?

माजी_बँकवाला

प्रॉपर्टी कार्डावर नावं किती?

जुनं_नाशिक

अकरा.

माजी_बँकवाला

मग राहू द्या. एकाने सही अडवली की संपलं.

गंगापूररोड_ताई

मूळ विषय जमिनीत गाडलात तुम्ही लोकांनी. एक कामाचं सांगते, मिक्सर नेऊ नका. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपला २३० चा मिक्सर तिथे नुसता घरघरतो. ब्रिटन, जर्मनीत चालतो, फक्त पिन बदलावी लागते. कुकर मात्र न्या, एक जास्तीची शिट्टी आणि रिंग घेऊन.

पंचवटीकर

व्वा, कुकरच्या शिट्टीवरून ओळख होणार आता! बरं, कॉलेजरोडकर, कॅलेंडरचं तुमचं मान्य. सप्टेंबर वाया गेला तर जानेवारीत मुलाखत मिळत नाही, हे खरंय. पण वर्गाबाहेर मराठीच बोलणाऱ्याला वर्गात दहाव्या मिनिटाला तोंड उघडायला कोण शिकवणार? एवढं माझंही लिहून ठेवा.

कॉलेजरोडकर

ठेवलं. म्हणून स्टडी ग्रुप महत्त्वाचा. अनेक बिझनेस स्कूल पहिल्या सत्राचे ग्रुप स्वतःच पाडतात, देश आणि पेशा बघून. सकाळच्या त्या बैठकीत आपले दोन आकडे बोलून दाखवायचे, चुकले तर तिथेच चुकतात. फक्त एक सांभाळा: केसची चर्चा एकत्र चालते, एकट्याने द्यायच्या असाइनमेंटची नाही. आपल्याकडच्या जर्नल उतरवायच्या सवयीने तिथे शिस्तभंगाची चौकशी लागते.

निफाड_थॉमसन

बँकवाले साहेब, मेव्हण्याचा इंदिरानगरला फ्लॅट आहे. त्याच्या नावावरचा चालतो का? जानेवारीत बघू म्हणतोय.

माजी_बँकवाला

चालतो, तो जामीनदार म्हणून सह्या करायला तयार असेल तर. मूळ करारनामा, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीचं ना हरकत आत्ताच काढायला सांगा. सर्च (मालकीची तपासणी) आणि मूल्यांकन बँकेच्या पॅनेलवरचाच माणूस करतो, त्यातच तीन-चार आठवडे जातात. आय-२० साठी पहिल्या वर्षाचा पैसा दाखवावा लागतो, तिथे मंजुरीपत्र लागेल. आय-२० शिवाय व्हिसाची मुलाखत नाही, आणि ती आपल्याला जवळची म्हणजे मुंबईला बीकेसीत. फ्लॅटवर मेव्हण्याचं गृहकर्ज चालू असेल तर मात्र मूळ कागद त्या बँकेकडे असतील, ते आधी विचारा.