फेरेट आणि जाळ्या घेऊन ससे धरायला शिकतोय, दोनदा फसलो, जाणकारांनी मदत करा

नवशिका_लिंकनशायर

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात लिंकनशायरच्या एका खेड्यात राहतो. आमच्या शेजारच्या शेतकरी आजोबांनी गुडघ्यांमुळे फेरेटिंग सोडलं (फेरेट हा मुंगसासारखा लांबुळका पाळीव प्राणी, त्याला बिळात सोडून ससे बाहेर काढायचे) आणि त्यांच्या दोन जिल म्हणजे माद्या, बिळाच्या तोंडावर लावायच्या वीस जाळ्या म्हणजे पर्स नेट आणि फेरेटच्या गळ्यातल्या कॉलरचा सिग्नल पकडणारा एक फेरेट फाइंडर मला दिला, शेतावर ससे धरायची लेखी परवानगीपण दिली. सशांनी हेजच्या म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या कडेचा गहू वीस पावलांपर्यंत अगदी बोडका केलाय, त्यामुळे त्यांनाही ते हवंच आहे. आजोबा आता मुलीकडे राहायला गेलेत, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, म्हणून इथे विचारतोय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा कुणीतरी सांगितलं होतं की फेरेट उपाशी ठेवला की चांगला काम करतो, म्हणून आदल्या दिवसापासून काही दिलं नाही आणि कॉलर लावायचं राहूनच गेलं. जिल आत गेली, दहा मिनिटं काहीतरी धडपड ऐकू आली आणि मग सगळं शांत. तीन तास बसलो, अंधार पडला, टॉर्च घेऊन प्रत्येक बिळाशी झोपून हाका मारल्या, शेवटी ती बाहेर आली ती पोट टम्म फुगवून. दुसऱ्यांदा कॉलर लावली, जाळ्या लावल्या, तर दोन ससे मला दिसलंच नव्हतं अशा, ब्रँबलच्या म्हणजे काटेरी झुडपांच्या खालच्या बिळातून निघून गेले. तिसरा जाळीत आला पण खुंटी उपटली आणि तो जाळीसकट हेजपर्यंत जाऊन अडकला. त्याला मला नीट मारता आलं नाही, हात थरथरत होते, नको तेवढा वेळ लागला. ते अजून डोक्यातून जात नाहीये. हे सगळ्यात आधी सुधारायचंय, बाकीचं नंतर. माझं कुठे चुकतंय ते प्लीज सांगा.

बांधावरचा

भाऊ, आधी एक, तुम्ही तीन तास बसून राहिलात हे चांगलं केलंत, बरेच नवे लोक कंटाळून घरी जातात आणि मग फेरेट गेला म्हणतात.

मी यॉर्कशायरमध्ये चौदा हिवाळे हे करतोय. उपाशी ठेवायचं डोक्यातून काढून टाका. भुकेली जिल आत ससा मारते, खाते आणि त्याच्याच शेजारी झोपते, फेरेट तसाही दिवसाचा बराचसा वेळ झोपणाराच प्राणी. तुमच्या जिलने तेच केलं. आदल्या संध्याकाळी नेहमीसारखं पोटभर द्या, सकाळी निघताना एखादा छोटा तुकडा, बस. तिचं काम सशाला खायचं नाहीये, त्याला बाहेर पळायला लावायचंय. आणि जिलच वापरताय ते बरंय, हॉब म्हणजे नर जवळजवळ दुप्पट वजनाचा, तो सशाला कोपऱ्यात दाबून धरायची शक्यता जास्त.

फाइंडर ही सवय करून घ्या, कॉलर नाही तर फेरेट आत नाही. प्रत्येक वेळी नवी बॅटरी, पट्ट्यात जेमतेम एक बोट जाईल इतकीच सैल, कारण सैल कॉलर झाडाच्या मुळांत अडकते, आणि बॉक्समधून काढायच्या आधी रिसिव्हरवर आवाज येतोय ना ते बघायचं. वर्षानुवर्षं लोक हॉबच्या गळ्यात दोरी बांधून आत सोडायचे आणि दोरीच्या मागे मागे खणत जायचे, ते आता करावं लागत नाही हे नशीब समजा.

आतून हालचाल थांबली तर लगेच फावडं उचलू नका, दहा-पंधरा मिनिटं द्या. बऱ्याचदा ससा बंद टोकाला पाठ करून बसलेला असतो आणि जिल त्याची पाठ खरवडत असते, बाहेर आली की तिच्या नखांत लोकर दिसते, ती दिसली की समजायचं ससा अजून आतच आहे. सिग्नल एकाच जागी राहिला तर रिसिव्हर जमिनीलगत हळूहळू फिरवून सगळ्यात कमी आकडा कुठे येतो ती जागा पक्की करा आणि बरोब्बर डोक्यावर न खणता हातभर बाजूला खणा. शेवटचं अर्धा फूट हाताने. फावड्याच्या एका घावात जिल मारलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय, ती माणसाची स्वतःची होती आणि तो त्यानंतर कधी फेरेटिंगला आला नाही. खड्डा मात्र भरून, पायाने दाबूनच घरी जायचं, शेतातल्या खड्ड्यात गाय-मेंढीचा पाय मोडला तर पुढच्या वर्षी परवानगी मागायला तोंड राहत नाही.

गाठवाली

जाळ्यांबद्दल मी बोलते, मी स्वतः विणते. दादा, तुमचं दुसऱ्या दिवसाचं सगळं जाळ्यांवर गेलंय, जिलने तिचं काम चोख केलं.

पर्स नेट म्हणजे खरं तर बटवाच. दोन टोकांना दोन कड्या, कडेने ओवलेली दोरी आणि त्या दोरीला खुंटी. ससा मधोमध धडकला की दोरीवरून जाळी सरकते आणि बटव्याच्या तोंडासारखी आवळते, पण हे फक्त खुंटी घट्ट असेल तरच, कारण ओढायला काहीतरी पक्कं लागतं. तुमची खुंटी उपटली म्हणजे ती भुसभुशीत मातीत होती, बिळाच्या तोंडाशी सशांनी उकरून टाकलेली माती असते ना तिथे ठोकली असणार. थोडं वर, गवताच्या मुळात, बिळाकडून उलट्या कलाने ठोका आणि हाताने ओढून बघा. जमीन अगदीच वाळूची असेल तर एखाद्या मुळालाच दोरीचा फास मारा.

लावताना खालची कडी बिळाच्या तोंडाच्या आत जराशी, वरची कडी वरच्या ओठाच्या वर, आणि मधली जाळी सैल, ताणायची अजिबात नाही. ताणलेल्या जाळीवरून ससा चेंडूसारखा उसळून परत आत जातो, आणि एकदा जाळी लागलेला ससा पुन्हा सहज बाहेर येत नाही. जाळीत अडकलेली पानं, काड्या, ब्रँबलचे काटे आधीच काढा, एक काडी दोरीत अडकली तरी बटवा बंद होत नाही. आस म्हणजे जाळीचं एकेक घर दोन इंचाचं आणि लांबी साधारण साडेतीन-चार फूट ही नेहमीची. नायलॉनची जाळी कुजत नाही, हेंपची म्हणजे तागासारख्या धाग्याची पसरायला बरी पण प्रत्येक वेळी वाळवून ठेवावी लागते. पहिल्या वर्षी नायलॉनच बरं.

आता बिळं. तुम्हाला जे बीळ दिसलं नाही तशी बिळं सशांच्या प्रत्येक वसाहतीत असतात, झाडीखाली, मुख्य बिळांपासून पाच-सात पावलांवर, कधीकधी एवढंसं तोंड आणि बाहेर मातीचा ढीगसुद्धा नाही, कारण ती आतून उकरलेली असतात. ससे घाबरले की आधी तिथेच पळतात. म्हणून एक दिवस आधी नुसतं बघायला जा, फेरेट न घेता, कात्री घेऊन ब्रँबल कापा आणि प्रत्येक तोंड मोजा. ताजी लेंडी, ओली उकरलेली माती असेल तर ते चालू बीळ, तोंडावर कोळ्याचं जाळं असेल तर तिथून कोणी जात नाही, पण मी तरी तिथेपण जाळी लावते. वीस जाळ्या असतील तर बारा-चौदा तोंडांचीच वसाहत निवडा, उरलेल्या खिशात ठेवा, कारण ससा एका जाळीत आला की त्याच तोंडातून मागोमाग दुसरा येतो आणि तेव्हा त्या तोंडावर लगेच दुसरी जाळी टाकावी लागते, नाहीतर निदान पाय ठेवावा लागतो.

मोठी वसाहत असेल तर भोवतीने लाँग नेट लावतात. आमच्या आजोळी म्हातारे लोक वाघूर म्हणायचे ना, उभी लांब जाळी, तसंच ते. पण ते दुसऱ्या हिवाळ्यात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गप्प राहणं. मोटार लांब उभी करा, दार आपटू नका, वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूने या, पाय उचलून ठेवा, फरफटवू नका. सशाला आपण वर आहोत हे पायांवरून कळतं, आणि कळलं की तो खाली फेरेट असला तरी वर यायला तयार नसतो. जाळ्या लावताना मी माझ्या नवऱ्याशीही बोलत नाही, खुणा करते. तोंडासमोर उभं राहायचं नाही, बाजूला नाहीतर मागे, सावली बिळावर पडू द्यायची नाही.

प्राण्यांची_नर्स

मी व्हेटकडे काम करते, शिकारीला स्वतः फारशी जात नाही पण भाऊ जातो आणि त्याचे फेरेट मीच बघते. तुमच्या हात थरथरण्याबद्दल लिहिते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण पुढच्या वेळी जायच्या आधी ते शिकूनच जा. जाळीतला ससा माणसाच्या ताब्यात असतो, म्हणजे इथे २००६ चा ॲनिमल वेल्फेअर ॲक्ट त्याला लागू होतो, त्याला विनाकारण वेदना होऊ न देणं ही तुमची जबाबदारी.

पद्धत मानेची आहे. एका हातात मागचे दोन्ही पाय, दुसऱ्या हाताची दोन बोटं कानांच्या मागे कवटीखाली, अंगठा हनुवटीखाली, आणि एकाच हालचालीत ताणून डोकं मागे वळवायचं. अर्धवट जोर लावला तरच त्रास होतो. हे वाचून येत नाही हो, कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली मेलेल्या सशावर आधी करून बघा. आणि जाळीतच मारायचा प्रयत्न करू नका असं नवशिक्याला मी सांगेन, ससा जाळीसकट जमिनीवर गुडघ्याने हलकेच धरा, पाय पकडा, जाळी बाजूला घ्या, मग. घाई होते ती तिथेच.

जिलबद्दल दोन गोष्टी, आजोबांनी सांगितल्यात का माहीत नाही. वसंत ऋतूत त्या माजावर आल्या आणि नर लागला नाही तर माज संपतच नाही, शरीरात इस्ट्रोजेन साठत राहतं आणि रक्त कमी होऊन जिल मरते. दरवर्षी इंजेक्शन, इम्प्लांट किंवा नसबंदी केलेला हॉब यांपैकी काहीतरी करावंच लागतं, मार्चच्या आधी व्हेटशी बोला. दुसरं, तुम्हाला फ्लू झाला असेल तर त्यांच्यापासून लांब राहा, माणसाचा फ्लू फेरेटला होतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर त्यांना जवळपास नक्की मारतो, त्याची लस विचारा.

कोकणातला_पाहुणा

वाचायला खूप मस्त वाटलं. आमच्या गावाकडे पण ससे खूप दिसतात, तिकडे असं करता येईल का?

बांधावरचा

नाही, अजिबात नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा संरक्षित आहे, जाळी लावणं हासुद्धा गुन्हा. आणि आपल्याकडे दिसतो तो हेअर, तो बीळ करून राहत नाही, गवतात नुसतं खळगं करून बसतो, त्यामुळे फेरेट सोडणार कुठे? मराठीत दोघांनाही ससाच म्हणतो म्हणून हा घोळ. इथे उलट आहे, १९५४ च्या पेस्ट्स ॲक्टनुसार इंग्लंडात शेत ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच रानटी ससे आटोक्यात ठेवायचे असतात.

त्यावरून आठवलं, नवशिकाभाऊ, बॅजरच्या, म्हणजे इथल्या काळ्या-पांढऱ्या तोंडाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या, बिळात चुकूनही फेरेट सोडू नका. १९९२ चा वेगळा कायदा आहे आणि तो फार कडक आहे. बॅजरचं तोंड आडव्या झोपवलेल्या इंग्रजी डीसारखं, उंचीपेक्षा रुंद, बाहेर मातीचा मोठा ढीग आणि ओढून आणलेलं वाळलं गवत. शंका आली तर ती हेज सोडून द्या. आणि फेब्रुवारी संपला की जाळ्या वाळवून ठेवा, सशांची पिल्लं खाली असतात, जिल तिथेच गुंतून बसते आणि ते बरंही नाही.

नवशिका_लिंकनशायर

तीन आठवड्यांनी लिहितोय. तुम्ही सगळ्यांनी सांगितलेलं केलं. आधी गावातल्या एका जुन्या फेरेटवाल्याकडे दोन रविवार नुसता जाळ्या उचलायला गेलो, मान मोडायची पद्धत त्यांच्याकडून शिकलो, त्यांनी माझा हात धरून दाखवली. शनिवारी आमच्या हेजवर ब्रँबल कापलं, अकरा तोंडं मोजली होती, कापल्यावर चौदा निघाली.

रविवारी सकाळी गवत गोठून कडक झालं होतं, वारा नव्हता. जाळ्या लावायला पाऊण तास गेला, एक शब्द बोललो नाही. धाकटी जिल सोडली, ती जाळीच्या घरातून अशी गेली की जाळी हललीसुद्धा नाही. मग पायाखाली धप्प, धप्प असा आवाज आला, सशाने आतून पाय आपटला तो मला माझ्या बुटांच्या तळव्यांत जाणवला. माझ्या उजवीकडच्या, त्या नवीन सापडलेल्या तीनपैकी एका तोंडात जाळी एकदम फुगली आणि आवळली. खुंटी जागची हलली नाही. पाय धरले, जाळी बाजूला केली, एका झटक्यात झालं. त्यानंतर अजून दोन आले, एक परत आत गेला, गाठवालीताई, तिथे माझी जाळी ताणलेली होती, नंतर बघितलं.

एकच विचारायचं राहिलं, जिल शेवटी तोंडापर्यंत यायची आणि मी हात पुढे केला की मागे सरकायची, असं चार वेळा झालं. काय करू?

गाठवाली

हात पुढेच करायचा नाही. ती पूर्ण बाहेर येऊन चार पावलं गवतात चालेपर्यंत बसून राहायचं, मग छातीखाली हात घालून हळू उचलायची. घाईने पकडायला गेलं की तिला वाटतं खेळ संपला, आणि पुढच्या वेळी ती तोंडाशीच घुटमळते. घरी रोज बॉक्समधून सोडा, उचला, थोडं अंड्यातलं पिवळं बोटाला लावून द्या आणि परत खाली ठेवून द्या, म्हणजे उचललं की दरवेळी पेटीत बंद करतात असं तिच्या मनात राहत नाही. दोन आठवड्यांत फरक दिसतो.

आणि सशांचं मूत्राशय तिथल्या तिथे पोट दाबून रिकामं केलंत ना? नाहीतर मांसाला वास लागतो.

नवशिका_लिंकनशायर

हो ताई, त्या जुन्या फेरेटवाल्यांनी पहिलं तेच शिकवलं. पोटंही शेतातच साफ केली आणि गार व्हायला हेजच्या काठीवर टांगले. दोन ससे आजोबांना नेऊन दिले. त्यांनी एकाची मान बोटांनी चाचपून बघितली, आणि मग जाळ्या वाळत घातल्यास का विचारलं.