सुखोईत फक्त १५० राउंड? खरं काय?

खानापूरकर: काल खडेबाजारात चहाला बसलोतो, माझा मावसभाऊ अग्निवीर वायूची तयारी करतोय, तो म्हणाला आपल्या सुखोई-३० एमकेआय लढाऊ विमानाच्या गनमध्ये १५०च राउंड (गोळ्या) असतात. मी म्हटलं फेकू नको, पैज लावली बेळगावी कुंद्याची (मिठाई). घरी येऊन बघतोय तर खरंच की ओ! मिनिटाला १५०० चा रेट धरला तरी ६ सेकंदात खलास. अमेरिकेच्या एफ-१६ विमानात ५०० च्या वर असतात. मग आपल्यालाच कमी का?

निपाणीवाला: ५०० ला भुलू नको, एफ-१६ ची गन व्हल्कन मिनिटाला ६००० मारते, म्हणजे तीपण ५च सेकंद. राफेल तर १२५ राउंड, रेट २५००, ३ सेकंदात पेटी रिकामी 😄

सांबरा_रिटायर: बाळ, मार्केटात बटाटे नग मोजून घेतात काय? वजनावर घेतात नव्हं, तसंच हे. मी वेपन फिटर (विमानाची शस्त्रं बसवणारा) होतो म्हणून सांगतोय. व्हल्कनचा गोळा २० मिमी, साधारण १०० ग्रॅम, सुखोईचा ३० मिमी, ३९० ग्रॅमच्या आसपास. आता गुणाकार कर, आपले १५० म्हणजे ५८ किलो, त्यांचे ५११ म्हणजे ५१. शिवाय मोठ्या गोळ्यात स्फोटक जास्त, एक-दोन नीट बसले की समोरचं विमान कामातनं गेलं. वर आपली गन एका नळीची, ४६ किलोच, सहा नळ्यांची व्हल्कन शंभरच्या वर जाते. आणि पायलट काय ट्रिगर दाबून बसत नाही, छोटा बर्स्ट (थोड्याच गोळ्या) मारायचा आणि सोडायचा. १९७१ चं आपलं नॅट विमान बघ, दोन तोफा, प्रत्येकी ११५ राउंड, समोरच्या पाकिस्तानी सेबर विमानाकडं सहा मशीनगनी नि १८०० गोळ्या. २२ नोव्हेंबरला बंगालच्या सीमेवर बोयरा गावावर सेबरच पडले. (नॅटच्या गन मधेच अडकायच्या, तेबी खरं.)

खानापूरकर: काका, पण मिसाईल असताना गन हवीच कशाला?

टिळकवाडी_पोरगा: व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं हाच शहाणपणा केलता, एफ-४ फँटम विमान बिनगनचं पाठवलं, मिसाईल चुकली नि शत्रू जवळ आला की हात चोळत बसायचं. शेवटी त्याच फँटमच्या एफ-४ई मॉडेलमध्ये आतच गन बसवावी लागली त्यांना.

निपाणीवाला: मग अमेरिकेच्या ए-१० विमानात ११७४ राउंड कशाला?

सांबरा_रिटायर: ते रणगाडे फोडायला, गनभोवती विमान बांधलंय ते. त्याला यात ओढू नको.

खानापूरकर: बरं बरं. म्हणजे पैज हरलोच मी, अर्धा किलो कुंदा गेला.