आपल्या गप्पा विकून कंपनीने कमावलं, तर बिघडलं काय?

खडूशास्त्री:
जाहिराती दिसल्या की लोक करवादतात. जाहिरातींऐवजी डेटाच्या दाराशी तिकीट लावलं, तरी तेच लोक करवादतात. रेडिट या चर्चांच्या साइटने २०२३ मध्ये एपीआयला दर लावला: दर हजार विनंत्यांना ०.२४ डॉलर. एपीआय म्हणजे प्रोग्रामने थेट सर्व्हरकडून मजकूर उचलायची खिडकी. तोवर ती बहुतेकांना फुकट होती, आणि बड्या कंपन्या तिथल्या चर्चांवर आपले एआय शिकवत होत्या. २०२४ मध्ये शेअर बाजारात उतरताना रेडिटने डेटा परवान्यांचे, म्हणजे आपल्याकडचा मजकूर पैसे घेऊन वापरू देण्याचे, करार जाहीर केले: एकूण २०.३ कोटी डॉलर, मुदत दोन ते तीन वर्षं. मला हा धंदा जाहिरातींपेक्षा स्वच्छ वाटतो. निदान माझ्यामागे हेर लावावा लागत नाही.

उलटतपासणी:
'बड्या कंपन्या' हे हळूच घुसवलंत! पहिला फटका कोणाला बसला तेही सांगा की. रेडिट वाचायच्या अपोलो या बाहेरच्या लोकप्रिय ॲपला नव्या दराने वर्षाला सुमारे २ कोटी डॉलर भरावे लागले असते. ३० जून २०२३ ला ते बंद पडलं. निषेध म्हणून रेडिटवरच्या हजारो समुदायांनी आपल्या चर्चांना कुलूप लावलं. ते समुदाय सांभाळणारे मॉडरेटर बिनपगारी, बरं का. ज्यांनी अंगण झाडलं त्यांनाच फाटकात अडवलं.

खडूशास्त्री:
दर कळल्यापासून लागू होईपर्यंत जेमतेम महिना दिला, ते चुकलंच. पण अपोलो रेडिटच्या जाहिराती न दाखवता रेडिटचाच मजकूर दाखवायचं आणि वर वर्गणीही घ्यायचं. ते चालतं, मग मूळ कंपनीने कमावलेलं का खुपतं?

पेन्सिल:
तुमच्या भांडणात अभ्यासक राहिले बाजूला. ट्विटरने २०२१ मध्ये संशोधकांना महिन्याला १ कोटी ट्वीटपर्यंत मोफत द्यायला सुरुवात केली होती. २०२३ मध्ये फुकटचा कारभार गुंडाळला. अफवा कशी पसरते, ट्रोलटोळ्या कुठून उगवतात, हे बाहेरच्या कोणी तपासायचंच नाही का? एआय कंपनी आणि पीएचडी करणारा विद्यार्थी यांना एकाच तराजूत घालणं मला पटत नाही. युरोपने निदान डिजिटल सेवा कायद्याच्या ४०व्या कलमात संशोधकांसाठी दार ठेवलंय.

निवांत:
पेन्सिलशी सहमत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०२१ मध्ये एंटरप्राइज सेवा काढली. विकिपीडियाचा मजकूर सगळ्यांना फुकटच, पण ज्याला तो धो-धो आणि वेगात ओढायचाय, त्याने त्या सेवेचे पैसे मोजायचे. गूगलसुद्धा मोजतं. पैसे मजकुराचे नाहीत, पंपाचे आहेत.

उलटतपासणी:
विकिमीडियाच्या मागे शेअरहोल्डर नाहीत, तिथे हे शोभतं. इतरांचं बघा. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार जाहीर केल्यावर काहींनी रागाने आपली उत्तरं खोडायला घेतली. साइटने ती पूर्ववत केली. म्हणजे लिहिलं मी, खोडायची मुभा मला नाही, आणि सौदा करायचा त्यांनी.

खडूशास्त्री:
मग वाटा हवाय का? हिशेब करू या. २०२३ च्या अखेरीस रेडिटवर रोज सरासरी ७.३ कोटी लोक येत होते. ते २०.३ कोटी डॉलर अख्खेच्या अख्खे वाटले, तरी माणशी तीन डॉलरही होत नाहीत. तेही दोन-तीन वर्षांचे मिळून. वाटायचा खर्चच त्याहून जास्त होईल.

उलटतपासणी:
तीन डॉलर ठेवा तुमच्याकडेच. विचारलं असतं तरी पुरे होतं. 'माझं लिखाण एआयच्या प्रशिक्षणाला देऊ नका' असं एक बटण द्यायला किती खर्च येतो, त्याचाही हिशेब मांडा.

पेन्सिल:
बटण उद्यापासून. पण काल जे विकलं गेलं आणि एआय मॉडेलने पचवलं, ते परत कसं काढणार?

खडूशास्त्री:
त्याला माझ्याकडे उत्तर नाही. बटणाला मात्र माझी हरकत नाही, फक्त ते सेटिंगच्या सातव्या पानावर लपवू नका म्हणावं.