मदत हवी आहे: तळपायाच्या जखमेला फोमची पट्टी की अल्जिनेटची?

वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना. चपलेतला खिळा लागून उजव्या तळपायाला, अंगठ्याखाली झालेली जखम अडीच महिने झाले तरी भरत नाहीये. रुपयाच्या नाण्याएवढी आहे. तळ लाल, पू नाही, वास नाही. पण पाणी इतकं सुटतं की दुपारपर्यंत गॉज ओलं होतं आणि कडेची कातडी भिजून पांढरी पडते. एक्स-रेत हाड ठीक, डॉप्लरमध्ये रक्तपुरवठा चांगला. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१ वरून ७.४ वर आलंय.

आधी रोज बीटाडीन आणि कोरडं गॉज चाललं होतं. ते चिकटायचं आणि काढताना नवं मांस सोलून निघायचं. मग हायड्रोकोलॉइड (जखम बंद ठेवणारी चिकट जेल-पट्टी) लावलं, तर पाणी आतच साचलं. (हळद, मध कृपया सुचवू नका.) पायावरचा भार कमी करणारी चप्पल दिलीय, पण बाबा घरात अनवाणीच फिरतात, तो वेगळाच लढा!

सर्जन म्हणाले, फोम (पाणी शोषणारी स्पंजसारखी पट्टी) किंवा अल्जिनेट (समुद्री शेवाळापासूनची, पाणी शोषून जेलसारखी होणारी पट्टी), दोन्ही चालेल. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, ड्रेसिंगला नर्स आठवड्यातून दोनदाच येतात. अल्जिनेटवर झाकायला आणखी एक पट्टी लागते, म्हणून मन फोमकडे झुकतंय. ज्यांनी तळपायाला फोम वापरलाय, त्यांचा तीन दिवस गळती न होता टिकला का, आणि कडेची कातडी कोरडी राहायला सोबत काय लावलंत?